चाकांवरचं हळदीकुंकू

बोरशांचं घर सात पावलं लांब होतं. ड्रायव्हरच्या सीटमागून निघालं की डाव्या हाताला शेगडी आणि तिच्यावर भांड्यांची फळी, उजव्या हाताला एक बाक, बाकाच्या पोटात धान्याचे डबे, पुढे पडद्याआड चिमुकली न्हाणी आणि सातव्या पावलाला पलंग. पलंगावर पडून मागच्या काचेतून पाहिलं की दर चार-आठ दिवसांनी वेगळंच अंगण दिसायचं. कधी देवळाचं पटांगण, कधी पेट्रोलपंप, कधी नुसतं कपाशीचं रान. कोणे एके काळी ही बस सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या कामगारांची ने-आण करायची. मिलने ती मोडीत काढली तेव्हा काशिनाथने घेतली आणि मगन वेल्डरकडून आतल्या सीटा काढवून, टपावर पाण्याची टाकी चढवून तिचं घर करून घेतलं.

सगळ्यांना वाटायचं, ही काशिनाथचीच हौस. तीस वर्षं ट्रक चालवला, आता हातातलं स्टिअरिंग सुटत नाही माणसाच्या. पण हे वेड मुळात कमलचं होतं. काशिनाथ रिंग रोडच्या मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे भरून धुळे, जळगाव, पार अकोल्यापर्यंत जायचा आणि ती डिंडोलीच्या खोलीत दोन लेकरं वाढवायची. त्याने काम सोडलं त्या आठवड्यात मुलगा प्रवीण नाशिकहून आला. म्हणाला, "आई, आता खोली विकून टाका आणि माझ्याकडे चला. आठव्या मजल्यावर हवा काय येते!" तेव्हा कमल सहज बोलावं तसं बोलून गेली, "येऊ रे. पण तुझे वडील तीस वर्षं काय बघत फिरत होते, ते मला आधी बघायचंय." सगळे हसले. ती हसली नाही. आणि काशिनाथने ते ऐकून ठेवलं.

गाडीत राहायला लागून आता चौदा महिने झाले होते. कमलने या चौदा महिन्यांत पुष्कळ पाहिलं. नवापूरचा तो चहावाला पाहिला, ज्याच्या टपरीवरून काशिनाथ तिला फोन करायचा. लळिंगचा घाट पाहिला. मन रमलंही. पण खोलीची आठवण यायची. सांगायची मात्र चोरी, कारण हट्ट तिचाच होता. काशिनाथने विचारलं, "बरं वाटतंय ना?" की ती म्हणायची, "मस्त." आणि पलीकडे तोंड करून झोपायची.

मागची संक्रांत विदर्भातल्या एका पंपावर गेली होती. कमलने पहाटे उठून सुगडं पुजली, तिळाच्या वड्या केल्या आणि वाटी घेऊन दारात उभी राहिली. समोर डिझेल भरणारा मुलगा आणि दोन ट्रक. तिने त्या तिघांना तीळगूळ दिला आणि वाटी तशीच भरलेली परत आत आणली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की घराला चाकं लागली खरी, पण शेजार मागेच राहून गेला.

यंदा डिसेंबरात ते सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. घोडे बघायला काशिनाथ गेला, कमल भांड्यांच्या बाजारात घुसली आणि फोडणीच्या लोखंडी पळ्या घेऊन आली. चांगल्या डझनभर.

"हे काय? खानावळ काढायचीय का?" काशिनाथ म्हणाला.

"वाण द्यायला."

"कुणाला देणार वाण?"

कमल पळ्या मोजल्यासारखं करत राहिली. काशिनाथने मग गाडीचं तोंड सुरतेकडे वळवलं.

कडोदऱ्याला एका ओळखीच्या शेठच्या लूम कारखान्यामागे मोकळा प्लॉट होता. तिथे गाडी उभी राहिली. भोगीच्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि मिसळीची भाजी झाल्यावर कमलने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आमंत्रणं द्यायला एकटीच रिक्षाने डिंडोलीला गेली.

गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि पाय जागच्या जागी थबकले. गल्ली तीच होती. रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये ताणून मांजाला गुलाबी रंग देणारे तेच लोक, तोच खळीचा आंबूस वास, पोंकच्या, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या हुरड्याच्या गाड्या, आणि लूमच्या खटखटीने भरून राहिलेली हवा. उद्या ही खटखट बंद होणार, हे तिला न सांगता ठाऊक होतं. उत्तरायणाच्या सकाळी लूम थांबायचे आणि त्या शांततेनेच गल्लीला जाग यायची. मग पोरं पत्र्याच्या शिडीने गच्चीवर. मागोमाग बाया. बावीस खोल्यांची एकच गच्ची, एका कोपऱ्यात पतंग, दुसऱ्या कोपऱ्यात चूल मांडून तीळ भाजणं, कुणाच्या तरी टेपवर गाणी, आणि शेजारच्या गुजराती बिल्डिंगीवरून आलेलं उंधियूचं पातेलं. पतंग कापला की "काइपो छे" असा गलका व्हायचा की हातातला लाडू निसटून पडावा.

या सगळ्यात काशिनाथ कधीच नसायचा. सणाच्या आधी माल पोचवायचा असायचा. त्याचा फोन यायचा दुपारी. तो घ्यायला पूर्वी खालच्या दुकानात धावत जावं लागायचं आणि तोवर लेकरं सांभाळायची उषाबाई. भिंतीला भिंत लागलेली खोली. वयाने आठ वर्षांनी मोठी, म्हणून कमल तिला आक्का म्हणायची. प्रवीण शिडीवरून पडला त्या संक्रांतीला उषाबाईच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावली होती. हातचं पीठसुद्धा धुतलं नव्हतं तिने. बावीस वर्षं दोघींनी एकाच परातीत लाडू वळले.

आणि त्याच उषाबाईला कमल न सांगता गेली होती. निघायच्या पहाटे ती तिच्या दारापाशी उभी राहिली होती. हात कडीपर्यंत गेलाही होता. पण कडी वाजवली तर आपण रडू, आणि रडलो तर गाडीत चढणार नाही, असं तिला वाटलं. ती तशीच जिना उतरली. नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सून सोनालीने उचलला आणि अवघडून म्हणाली, "आई झोपल्या आहेत, मावशी." सकाळी अकरा वाजता.

कमल आधी दिपालीकडे गेली. दिपाली गल्लीत लग्न होऊन आली तेव्हा तिला तीळ भाजायलाही कमलनेच शिकवलं होतं. तिने गळ्यात हात टाकले, चहा टाकला, चौकशा केल्या.

"उद्या हळदीकुंकू ठेवलंय. दुपारी ये."

"कुठं, मावशी?"

"कडोदऱ्याला. आमच्या गाडीत."

दिपालीचा चेहरा पडला. "कडोदरा? अहो, उद्या हे टू-व्हीलर बाहेर काढू देत नाहीत. मांज्याची भीती वाटते. रिक्षावाले पण गच्चीवरच असतात. मग रथसप्तमीच्या आत कधीतरी येऊ?" ती प्रेमानेच म्हणाली, पण त्या "कधीतरी"चा अर्थ कमलला कळला.

पांडेसऱ्याला राहायला गेलेल्या सुंदराला तिने फोन लावला. सुंदरा घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करायची. तीही तेच म्हणाली, "इतक्या लांब कशी येऊ गं? आणि गाडीत हळदीकुंकू म्हणजे, उंबरा कुठला असतो गाडीला?"

बाकी कुणी अमळनेरला परत गेली होती, कुणी मुलाकडे. कमलच्या खोलीत आता ओडिशाकडचं एक कुटुंब होतं. दारात तांदळाच्या पिठाची सुंदर रांगोळी काढलेली होती. शेजारचं दार उघडं होतं. बाहेर उषाबाईच्या चपला होत्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. कमल दोन मिनिटं जिन्यात उभी राहिली आणि दुसऱ्यांदा तशीच खाली उतरली.

कडोदऱ्याला पोचली तेव्हा काशिनाथ पायरीवर बसून उसाचे करवे सोलत होता.

"किती जणी येताहेत?"

"बघू," कमल म्हणाली आणि आत जाऊन पळ्यांची पिशवी बाकाखाली ढकलायला लागली. पिशवी आत जाईना. ती ढकलत राहिली, आणि मग तिथेच खाली बसली.

काशिनाथ आत आला. बायको रडते तेव्हा काय करायचं असतं, हे त्याला शिकायला वेळच मिळाला नव्हता. तो नेहमी रस्त्यावर असायचा. त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली आणि फळीवर ठेवली.

"काय म्हणाल्या?"

"लांब पडतं म्हणाल्या. आणि बरोबरच आहे त्यांचं. सणाच्या दिवशी घर सोडून कोण येईल एवढ्या दूर?"

काशिनाथने थोडा विचार केला. मालाचा पत्ता चुकला की तो असाच चेहरा करायचा.

"मग त्यांना कशाला यायला लावतेस? आपण जाऊ. त्यांची घरं जागची हलत नाहीत. आपलं हलतं."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या गाडी घेऊन एकेकीच्या दारात. तू हळदीकुंकू दे, मी गाडी चालवतो. एवढं तर मला येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी धुतली. काशिनाथने पुढच्या काचेवर झेंडूची माळ बांधली. कमलने पायरीपाशी, जिथे पत्र्याची कड होती, तिथे खडूने दोन रेघा ओढून हळदीकुंकवाची बोटं उमटवली. सुंदराने विचारलेला उंबरा झाला. सुगडं शेगडीशेजारी मांडली, ती हलू नयेत म्हणून भोवती गव्हाची रास केली. साखरेचा हलवा, तीळगूळ, पळ्या. काळी साडी नेसून कमल काशिनाथच्या शेजारी बसली आणि गाडी निघाली.

रस्ते मोकळे, माणसं सगळी छपरांवर. आभाळात जागा नव्हती इतके पतंग. तुटलेले दोर गाडीच्या टाकीला अडकून मागे लोंबत होते. पांडेसऱ्याच्या गिरण्यांची धुराडीही आज थंड होती. इतकं स्वच्छ आभाळ तिथे वर्षातून एकदाच दिसत असेल.

सुंदराच्या चाळीपुढे काशिनाथने हॉर्न दिला. सुंदरा गच्चीवरून डोकावली आणि आधी तिला काही कळलंच नाही. मग कळलं तसा तिने वरूनच आरडाओरडा केला. खाली आली ती एकटी नाही, दोन शेजारणींना हाताला धरून. एक सौराष्ट्रातली, एक बिहारची. कमलने तिघींना आत बसवलं, कुंकू लावलं, हातावर अत्तर चोळलं, ओटीत बोरं-हरभरे घातले आणि पळी दिली.

"आता पुढं कुठं?" सुंदराने विचारलं.

"डिंडोलीला. दिपालीकडे."

"मग मी पण येते," म्हणत ती बाकावर ऐसपैस बसली. शेजारणी मात्र हसत उतरल्या आणि वळणापर्यंत हात हलवत राहिल्या.

डिंडोलीच्या गल्लीत गाडी शिरणं शक्यच नव्हतं. काशिनाथने ती तोंडाशीच लावली. दिपाली धावत आली, बरोबर तिची जाऊ. ओडिशाची ती नवी बाईही कुतूहलाने आली; कमलने तिलाही पाटावर बसवलं. तिला भाषा कळत नव्हती, पण कुंकू लावून घेताना तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाली वाकली. आपल्या जुन्या खोलीत आता ही राहते, याचं कालपासून मनात रुतलेलं काहीतरी कमलच्या आत जरा सैल झालं.

"आक्काला बोलावू?" दिपालीने हळूच विचारलं.

"नको. मीच जाते."

पण जायची वेळ आली नाही. उषाबाई गल्लीतून येत होती. गुडघ्यांमुळे सावकाश, एका हाताने भिंतीचा आधार घेत. मागे सोनाली. उषाबाई गाडीपासून चार हातांवर थांबली आणि अगदी स्वच्छ, परक्या आवाजात म्हणाली,

"केम छो, कमलबेन? मजामां?"

बावीस वर्षांत उषाबाई कमलशी बोलली ती अहिराणीत, फार तर अहिराणी मिसळलेल्या मराठीत. गुजराती ती रेशनवाल्याशी बोलायची.

"आक्का, वर ये ना."

"कशाला? जाताना कडी वाजवली नाही, आता हॉर्न वाजवता का तुम्ही?"

वर गच्चीवर कुणीतरी ढोल पिटत होतं. कमल पायरीवरून खाली उतरली.

"आले होते, आक्का. तुझ्या दारात उभी होते त्या दिवशी. हात कडीला लावला होता. वाजवली असती तर गेलेच नसते मी. आणि काल पण आले होते. तुझा कुकर ऐकून गेले."

"कुकर ऐकून गेली?"

"हो."

उषाबाईने पदराने तोंड पुसलं.

"इतला दिन कथा व्हती वं तू?" ती म्हणाली. इतके दिवस कुठे होतीस. आणि कमलला रडू फुटलं, कारण ते अहिराणीत विचारलेलं होतं.

दिपालीने आणि काशिनाथने धरून उषाबाईला वर चढवलं. चढताच तिने आधी घराची झडती घेतली. डबे उघडून पाहिले. न्हाणीचा पडदा बाजूला केला. "शेगडी खिडकीखाली कशाला ठेवली? वारं लागतं ना तिला," म्हणाली. गादी दाबून पाहिली आणि तिच्यावरच पाय वर घेऊन बसली. कमलने तिला कुंकू लावलं. उषाबाईने तीळगूळ तोंडात टाकला.

"गूळ कमी पडना," तिने निकाल दिला, आणि आणखी एक वडी मागितली.

मग दिपाली म्हणाली, नावं घ्यायची. सुंदराने घेतलं, दिपालीने घेतलं, लाजत लाजत तिच्या जावेनेही. कमलची पाळी झाली तशी उषाबाईचं लक्ष पुढच्या सीटकडे गेलं. "काशिनाथभाऊ! तीस वर्षं हळदीकुंकवाला दांडी मारली तुम्ही. आज सापडले. घ्या नाव!"

काशिनाथने आजवर बायकोला "प्रवीणची आई" याखेरीज हाक मारली नव्हती. तो स्टिअरिंगकडे बघत बसला. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी तो घसा खाकरून, रस्त्याकडेच बघत म्हणाला,

"साक्रीला भरलं डिझेल, नवापूरला घेतला चहा,
कमल शेजारी बसली, आता रस्ता कसा दिसतो पहा."

एवढा कल्ला झाला की गच्चीवरची पोरं पतंग सोडून खाली बघायला लागली. कमल खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे कान लाल झाले होते. साठीला टेकलेल्या बाईचे कान असे लाल होतात, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपारभर गाडी फिरली. उधन्याला दिपालीच्या आत्याकडे, तिथून लिंबायतला उषाबाईच्या एका जुन्या मैत्रिणीकडे. पळ्या संपल्या, तेव्हा कमलने फळीवरच्या वाट्या दिल्या. वाटेत पोंक घेतला, लिंबू-मसाल्याच्या शेवेबरोबर सगळ्यांनी तो कागदावरच खाल्ला. ऊन उतरायला लागलं तशी सुंदराला तिच्या दारात सोडलं, मग दिपाली आणि तिच्या जावेला गल्लीच्या तोंडाशी.

"आक्का, तुमचं घर आलं," काशिनाथ म्हणाला.

"मना गुडघा दुखतस," उषाबाई पलंगावरून म्हणाली. "मी काय आते उतरत नही."

सासूला घ्यायला आलेली सोनाली आधी घाबरली, मग हसली, मग घरात पळाली आणि खिडकीतून सासूच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि स्वेटर आत दिला.

परतीच्या वाटेवर उषाबाईला डुलकी लागली. आभाळ केशरी झालं होतं आणि पतंग खाली यायला लागले होते. कमल म्हणाली,

"मला घराची आठवण येते हो. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तू झोपेत उठतेस. दाराची कडी लावायला. जिथं कडी नाही तिथं हात फिरवतेस आणि परत झोपतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मी बोललो तर तू परत जाऊ म्हणशील. आणि मला," तो अडखळला, "मला तुझ्याबरोबर फिरायला फार आवडायला लागलंय."

कमलने गिअरवर ठेवलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. पुढे कडोदऱ्याचं नाकं आलं तेव्हा गिअर बदलायला त्याला तो हात सोडवावा लागला.

दोघांनी मग असं ठरवलं की दर वर्षी पौष लागला की सुरतेत यायचं आणि रथसप्तमीपर्यंत हलायचं नाही. प्रवीणला फोन करून तसं सांगितलंही.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळी उषाबाई सगळ्यांच्या आधी उठली. तिने शेगडी खिडकीखालून ओढून आत घेतली, चहा केला आणि पेला घेऊन पायरीवर जाऊन बसली. समोरच्या प्लॉटात धुकं होतं आणि धुक्यातून एक-दोन पतंग वर चढत होते. कमल तिच्या शेजारी येऊन बसली.

"इथून पुढं कुठं जाणार तुम्ही?" उषाबाईने विचारलं.

"रथसप्तमी झाली की नंदुरबारला. आमच्या ज्योतीकडे, लेकीकडे."

उषाबाईने चहाचे दोन घोट घेतले. गुडघ्यावर हात फिरवला. मग मान न वळवता म्हणाली,

"नंदुरबारला मनी बहीण शे. आठ वर्षं झाली, भेट नाही." आणि गाडीत अजून झोपलेल्या काशिनाथला ऐकू जाईल अशा बेताने आवाज चढवून पुढे म्हणाली, "बाकावर झोपायला मला काही त्रास होत नाही."